औटकीच्या चाचण्या आणि त्रेचाळीस कार्डं

दीपनगर,
रविवार, दि. १६ ऑगस्ट १९९२

आदरणीय हिलालनाना आणि नर्मदाकाकू यांना रत्नमालाचा मनापासून जयभीम.

नाना, पत्र लिहिताना आधी समोरच्याची तब्येत विचारावी आणि मग आपलं घोडं पुढे दामटावं, असं तुम्हीच मला शिकवलंत. पण आज एका प्रश्नाने माझी झोप उडवली आहे, म्हणून तोच आधी लिहिते. एखादी गोष्ट आता कोणीही वापरत नाही, हे नक्की ओळखायचं कसं? मला येत नाही. बी.एस्सी.ला कोणी शिकवलं नाही, संगणकाच्या डिप्लोमाला तर नाहीच नाही. उत्तर येत नसताना मी मात्र ते येतं असं धरून बरंच काही करून बसले आहे.

आता तब्येत. डोळ्याची पट्टी कधी निघणार? डॉक्टरांनी वाकायचं नाही, शिंकायचं नाही आणि चिडायचं नाही असं सांगितलं आहे, असं काकूंच्या पत्रात होतं. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला जमतील. तिसरीची मला काळजी आहे, कारण हे पत्र त्याच विषयावर आहे. पट्टी असेपर्यंत तुमची पत्रं काकू वाचून दाखवतात, तेव्हा हेही त्याच वाचत असतील. काकू, कंसात लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी आहे. (मोठ्याने वाचलंत तरी चालेल. नाही वाचलंत तर जास्त चालेल.) आमच्याकडे सगळे बरे आहेत. आई बरी आहे. बाबा बरे आहेत, वीज केंद्राच्या कोळशाच्या विभागातून निवृत्त व्हायला अजून चार वर्षं आहेत आणि सगळ्या कॉलनीला ते अजूनही सांगतात की, माझी मुलगी मशीनला मराठी शिकवते. मी पुन्हा लिहिते, बाबा बरे आहेत. आमच्या घरात, तुमच्या घरात, भावकीत कुठेही कोणीही गेलेलं नाही. काकू, हे वाक्य मात्र मोठ्याने वाचा आणि आज काहीतरी गोड करा.

नाना, तुम्हाला हे वाक्य विचित्र वाटेल, कारण काकूंनी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या दारात माझ्या ऑफिसचं एक कार्ड आलं. त्याचा उजवा कोपरा कापलेला होता. काकूंनी तो कोपरा पाहिला, मयताचं कार्ड समजल्या, आणि अशा कार्डाचं जे कोणीही करतं तेच केलं. घरात न आणता दारातच त्याचे तुकडे केले. नाव वाचण्याचाही धीर झाला नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. तुमचं ऑपरेशन तोंडावर होतं, म्हणून तुम्हाला कळू दिलं नाही. सुतक आपण पाळत नाही, तरी त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि तुम्हाला सांगितलं, उकडतंय. तीन आठवडे त्या माउलीने एक मयत एकटीने मनात ठेवली, तीसुद्धा कोणाची ते माहीत नसताना. तुम्ही खीर मागितलीत तेव्हा दूध नासलं म्हणाल्या. या आठवड्यात न राहवून मला पत्र टाकलं, त्याची शेवटची ओळ होती. “कोन गयं, खरं सांग, तुन्हा बाप ठीक शे ना?”

काकू, गेली ती औटकी. आणि तिला मीच घालवली.

(काकू, आता थांबू नका, पुढे वाचा, नाहीतर नाना तुमच्या हातातून कागद ओढून पट्टी वर करतील. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा. नानांनी दीपनगरला असताना शाळेतल्या मुलांसाठी ‘गिरणा’ ही संगणकाची भाषा तयार केली, मराठीत आज्ञा द्यायच्या आणि मशीनने त्या ऐकायच्या, ती तुम्हाला माहीत आहेच, कारण तिच्यापायी तीन उन्हाळे तुमच्या पापडांना गच्ची मिळाली नाही. त्या भाषेत त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी या सात आज्ञा घातल्या. मशीनला ‘औटकी ४’ म्हटलं की मशीन ‘१४’ म्हणतं.)

झालं असं. मे महिन्यात पुण्याहून एक तपासणीसाहेब आले. त्यांच्या समितीने गिरणा मंजूर केली तर ती इतर जिल्ह्यांतल्या शाळांतही जाणार. साहेब सभ्य होते, चहाला नको म्हणाले नाहीत. पण औटकीपाशी आले आणि हसले. म्हणाले, साडेतीनने गुणायचं तर साडेतीनने गुणा, त्याला वेगळी आज्ञा कशाला? उद्या पावणेपाचकी काढाल. नाना, प्रामाणिकपणे लिहिते, मला त्यांचं म्हणणं पटलं. भाषा जितकी कमी पाठ करावी लागेल तितकी चांगली, हे तुम्हीच म्हणायचात. खेड्यातल्या मुलीला पहिल्या दिवशी सात पाढ्यांची भीती घालण्यापेक्षा एक गुणिलेची खूण द्यावी, आणि बाकी जग तिचं तिने गुणावं, असं मला मनापासून वाटलं. सुभाषचंदभाऊंना तर पटलंच. (काकू, सुभाषचंदभाऊ म्हणजे आमचे मालक. खाली त्यांचं वडिलोपार्जित कापडाचं दुकान आणि वर आमचं संगणक केंद्र. जिना एकच आहे, त्यामुळे कधीकधी सूटिंगचं कापड बघायला आलेली माणसं वर येऊन माझ्याकडे बघतात.) भाऊ म्हणाले, ताई, नवी आवृत्ती काढा, जुनं सगळं झाडून टाका, बावीस ऑगस्टला धुळ्याला शिक्षकांचं शिबिर आहे, त्याच्या आत प्रत्येक शाळेला फ्लॉपी पोचली पाहिजे.

मी लगेच झाडू हातात घेतला नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहा. मी म्हटलं, आधी वापरणाऱ्यांना विचारू. गिरणा त्रेचाळीस ठिकाणी जाते, बेचाळीस शाळा आणि एक तुम्ही. मी त्रेचाळीस पोस्टकार्डं आणली आणि मजकूर स्वतः लिहिला. इथे माझी पहिली चूक झाली. रुक्ष पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलेलं होतं, म्हणून मी लिहिलं, ‘कळविण्यास खेद होतो की, दीर्घ सेवेनंतर औटकी व तिची सहा भावंडे आपला निरोप घेत आहेत. काही म्हणणे असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, न कळविल्यास आपली संमती समजण्यात येईल.’ दुसरी चूक प्रिंटरची. म्हणजे माझीच, पण प्रिंटरसमोर झालेली. पोस्टकार्ड जाड असतं, आमच्या प्रिंटरच्या रुळाखाली शिरताना त्याचा उजवा कोपरा अडकून दुमडायचा आणि देवनागरीच्या वेलांट्या एकमेकींच्या अंगावर जायच्या. तीन कार्डं वाया गेली, तेवढी पुन्हा आणली. तेव्हा मला सुचलं की कोपरा थोडा कापला तर कार्ड सुळकन आत जाईल. गेलं. मी इतकी खूश झाले की बाकीची सगळी एकदम चळतीने कापली.

नाना, मी आपल्याच गावात, आपल्याच घरात वाढले. कोपरा फाटलेलं कार्ड आलं की आई पोस्टमनला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, हे मी दहा वेळा पाहिलं आहे. आणि तरी त्रेचाळीस कोपरे माझ्या हाताने कापले गेले तोवर मला काही म्हणजे काही आठवलं नाही. त्या वेळी डोक्यात फक्त रूळ होता. भाऊंनी कार्डांची चळत पाहिली, तेही काही बोलले नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, मला वाटलं नवीन टाइपचं कार्ड निघालं असेल.

अशा कार्डाला कोणी उत्तर पाठवत नाही. माणूस जाऊन येतो, किंवा अंघोळ करून मोकळा होतो. पंधरा दिवस गेले आणि माझ्याकडे एकही हरकत आली नाही. फक्त सावद्याच्या एका शाळेकडून एक बंद लिफाफा आला, त्यात दुखवट्याचा ठराव होता. ‘आपल्या संस्थेचे आधारस्तंभ कै.’ आणि पुढे मोकळी जागा, ‘यांच्या निधनाने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे, शाळेने दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली.’ मला वाटलं, केवढे रसिक मुख्याध्यापक आहेत, माझ्या विनोदाला विनोदाने उत्तर दिलं! भाऊंनी तो ठराव ‘संमती’ लिहिलेल्या फायलीत लावला. त्या फायलीत तेवढा एकच कागद आहे.

मग मी औटकी काढली. काढायला किती वेळ लागला असेल? चहा निवेपर्यंत सातही गेल्या. वेळ लागला तो चाचण्यांना. (काकू, चाचणी म्हणजे मशीनची परीक्षा. नानांनी त्या जाड लाल पुठ्ठ्याच्या वहीत दोनशे बारा छोटे छोटे प्रश्न आणि समोर लाल शाईने बरोबर उत्तरं लिहून ठेवली आहेत. भाषेत काहीही बदल केला की ते सगळे प्रश्न मशीनला घालायचे. उत्तर वहीशी जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर आपलं काहीतरी बिघडलं.) सात आज्ञा काढल्यावर बत्तीस चाचण्या नापास झाल्या, त्यातल्या एकतीस पाढ्यांच्या. होणारच होत्या. ‘औटकी ४’ विचारलं की वहीत उत्तर ‘१४’ आणि मशीन म्हणतं, ‘ही आज्ञा ओळखीची नाही’. आता आज्ञाच काढायची ठरली आहे म्हटल्यावर हेच उत्तर बरोबर, नाही का? कोणीही संगणकवाला हेच करेल. मी पांढऱ्या शाईची बाटली घेतली, तुमच्या लाल ‘१४’ वर फिरवली, वाळू दिली आणि वर लिहिलं, ‘ही आज्ञा ओळखीची नाही’. असं एकतीस वेळा. समासात तुम्ही काही काही लिहून ठेवलेलं आहे, ते मी मुद्दाम वाचलं नाही.

मग सगळ्या चाचण्या पुन्हा घातल्या आणि नाना, एकतीसच्या एकतीस पास झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी वही मिटली. दहावीच्या परीक्षेत मला भूमितीत कमी गुण पडले तेव्हा तुम्ही बोर्डाकडे अर्ज करून पेपर पुन्हा तपासायला लावला होता. मी इथे पेपर तसाच ठेवला आणि उत्तरसूचीच बदलली, आणि मशीनला शंभर टक्के देऊन टाकले.

तरी एक चाचणी उरलीच, अठ्ठ्याऐंशीवी. ती रांगोळीची. ‘फूल’ म्हटलं की पडद्यावर आठ पाकळ्यांचं फूल उमटायचं. पाढ्यांचा तिथे काही संबंध नसताना ते फूल एकदम चपटं झालं, कोणी बसून उठावं तसं. दोन तास शोधलं तेव्हा कळलं की पाकळीची उंची रुंदीच्या सव्वापट करायला तुम्ही आतून गुपचूप सवायकीला बोलावत होतात. आता तिथे साधं गुणिले लिहायला हवं होतं. पण एकतीस वेळा पांढरी शाई फिरवून माझा हात इतका सवयीचा झाला होता की मी वहीत तुमच्या फुलावर शाई फिरवली आणि त्या जागी चपटं फूल काढलं. काढून झाल्यावर मी त्याच्याकडे बघत बसले. मशीन जे म्हणेल ते मी बरोबर म्हणत सुटले होते. मग परीक्षा कोणाची चालली होती?

हे सगळं मंगळवारी झालं. बुधवारी पारोळ्याहून भागाबाई आल्या. (काकू, या तिथल्या शाळेत मुलींना शिवण शिकवतात. पन्नाशीच्या असतील.) पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हातात पिशवी. जिना चढून आल्या, दारात चप्पल काढली, माझ्यासमोर खाली फरशीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मी घाबरून उठून उभी राहिले. त्या म्हणाल्या, “कोन गयं वो माय? कारडना कोना देखा आनि हेडमास्तरनी फाडीच टाकं. मी म्हटलं, तठे ती एकली पोर बसस, जाईसन भेटी येऊत.” त्यांना यायला वीस दिवस लागले होते, कारण त्यांना फक्त बुधवारी सुट्टी, आणि आधीच्या दोन बुधवारी गाडीच आली नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं, म्हणजे कोपरा, आणि सावद्याची पोकळी, आणि एकही हरकत का आली नाही ते. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. भागाबाईंनी पिशवीतून तांब्या काढून मलाच पाणी दिलं. कोणी गेलेलं नाही, एक आज्ञा गेली आहे, हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. शेवटी त्यांना हसू आलं आणि मग एकदम थांबलं. कोणती आज्ञा, म्हणाल्या. मी म्हटलं, पावकी, निमकी वगैरे. त्यांनी पिशवीतून ब्लाउजचा कागदी नमुना काढून टेबलावर पसरला.

नाना, त्या बाईंनी गिरणात एक काम करून ठेवलं आहे. छातीचं माप सांगितलं की मशीन पुढचा भाग, मागचा भाग, बाहीचा मुंढा, सगळ्याची मापं ओळीने छापून देतं. शिवणात सगळा हिशेब पाव छातीवर चालतो. बत्तीसची पावकी आठ, छत्तीसची नऊ. सव्वीस मुली दर शनिवारी रांग लावून आपापलं माप घेतात आणि तो कागद कापडावर ठेवून कापतात. भागाबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत, पुढे शिवणाचा कोर्स. शाळेत संगणक आला तेव्हा सगळे शिक्षक त्याच्यापासून चार हात लांब होते. या एकट्या जवळ गेल्या, कारण त्यांनी कोणाला तरी ‘पावकी’ टाइप करताना पाहिलं. मला म्हणाल्या, “हाई मशीन आपलं शे, याले पावकी येस.”

मी त्यांना भागिले चार शिकवलं. दहा मिनिटांत आलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण भाऊंचं म्हणणं तेच आहे आणि ते खोटं नाही. पण कागद पिशवीत घालताना त्या म्हणाल्या, “माले ते जमनं. पन ज्या बाया आजून मशीनकडे येयेल नहीत, त्या काय देखीसन येतीन?” त्या गेल्यावर मी लाल वही उघडली आणि तुमच्या समासातल्या ओळी वाचल्या. औटकीच्या पहिल्या चाचणीसमोर तुम्ही लिहिलं आहे, ‘बापू शाळेच्या ओट्याखाली बसून ऐकत. औटकीपर्यंत पोचले, मग मास्तरांनी उठवले.’ बापू म्हणजे तुमचे वडील, आणि माझेही आजोबाच. त्यांना पाढे येत हे मला माहीत होतं. कुठे बसून आले, ते कोणी सांगितलं नव्हतं. त्या ओळीवर पांढऱ्या शाईचे दोन थेंब पडलेले होते.

गुरुवारी मी भाऊंना गाठलं. ते खाली दुकानात होते. मी सगळं सांगितलं. ते मनापासून हसले. म्हणाले, ताई, चूक झाली, होते. पण कव्हरं छापून झाली, ‘जुन्या आज्ञा काढलेली नवी आवृत्ती’ असं त्यावर लिहिलंय. पुण्याचे साहेब शिबिराला येणार. त्यांच्यासमोर पुन्हा औटकी निघाली आणि हसं झालं तर मंजुरी गेली, आणि मंजुरी गेली तर मला वरचा मजला साड्यांना द्यावा लागेल, मग तुम्ही कुठे बसणार? तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बँड पथकाच्या सात जणांना सफारी शिवायची होती, प्रत्येकी साडेतीन मीटर. भाऊंनी ताग्यावरून डोळे न काढता म्हटलं, “सात औट साडेचोवीस, अर्धा जास्त घ्या, पंचवीस,” आणि कात्री चालवली. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही आत्ता औटकी वापरलीत. ते कात्री थांबवून म्हणाले, “ती तोंडात आहे, ताई. तोंडातलं कोण काढतं?” मग पुन्हा कापायला लागले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “दादाजींनी मारून मारून शिकवली,” एवढंच बोलले. मग पुढच्या गिऱ्हाइकाला तागा उलगडून दाखवायला लागले.

काल पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, ऑफिस बंद, किल्ली माझ्याकडे. मी वर गेले, दार लावलं आणि सातही आज्ञा परत घातल्या. पण जशाच्या तशा नाही. आता ‘पावकी ३२’ म्हटलं की मशीन ‘८’ तर सांगतं, पण खाली एक ओळही दाखवतं, ‘ही आज्ञा जुनी आहे. पुढे काढायची की नाही ते ठरवायचे आहे. वापरत असाल तर एक कार्ड टाका.’ म्हणजे जो वापरेल त्यालाच विचारलं जाईल, आणि जो वापरत नाही त्याच्या दारात मयत जाणार नाही. रांगोळीचं फूल पुन्हा उभं राहिलं. वहीवरची पांढरी शाई मी ब्लेडने खरवडून काढली. फूल धरून एकतीस ठिकाणी तुमची लाल शाई खालून नीट निघाली. एका ठिकाणी, दिडकीच्या बाराव्या चाचणीत, कागदच गेला आणि भोकातून मागच्या पानावरचं उत्तर दिसतं. ते उत्तरही बरोबर आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचं. क्षमा करा. दोनशे बाराच्या दोनशे बारा चाचण्या वहीतल्या जुन्या उत्तरांनिशी पास झाल्या, आणि त्या ओळीसाठी मी माझी एक घातली. दोनशे तेरावी. माझ्या हातची पहिलीच.

तर आता कपाटात फ्लॉप्यांचे दोन गठ्ठे आहेत. एकात आज्ञा नाहीत, एकात आहेत. पहिला पाठवला तर साहेब खूश, मंजुरी येईल, गिरणा अजून पाचशे शाळांत जाईल, आणि पारोळ्याच्या सव्वीस मुलींच्या शनिवारी मशीन म्हणेल, ओळखीची नाही. दुसरा पाठवला तर कदाचित हसं होईल, कदाचित गिरणाच बंद पडेल, आणि मग पावकी काय आणि गुणिले काय, दोन्ही जातील. बाबांना काय सांगू? मुलगी मशीनला मराठी शिकवत होती, मशीन नापास झालं? नाना, भाषा तुमची आहे. मला मोठेपणा नको, मला फक्त सांगा कोणता गठ्ठा पाठवू. तुम्ही म्हणाल तसंच करीन. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं तरी मी शिबिरात स्वतः नेऊन देईन, तोवर कपाटाला कुलूप. डोळ्याला जपा. चिडायचं असेल तर पट्टी निघाल्यावर चिडा, मी स्वतः समोर येऊन बसेन.

तुमची,
रत्नमाला सुकदेव बिऱ्हाडे

ता. क. (रविवारीच) काकू, हे फक्त तुम्ही वाचायचं. बापूंची समासातली ओळ वाचताना नाना गप्प झाले का? झाले असतील तर किती वेळ, तेवढं मला कळवा. आणि दूध आता नासत नाही असं सांगून टाका.

आणखी ता. क. (सोमवार, संध्याकाळ) पत्र काल टपालात पडलं नाही, म्हणून वरचं काही गोष्टींत जुनं झालं आहे. खोडत नाही, तसंच ठेवते. खरी विनंती काल लिहायला धीर झाला नाही, ती आता लिहिते. पडद्यावर ‘एक कार्ड टाका’ असं येतं, त्याच्यापुढे पत्ता द्यावा लागतो. ऑफिसचा दिला असता तर कार्डं ‘संमती’च्या फायलीत गेली असती, आणि मी तिथे किती दिवस आहे ते आज मला ठाऊक नाही. म्हणून मी तुमचा धुळ्याचा पत्ता घातला आहे, नाव, गल्ली, घर नंबर सगळं. कार्डं येतील. पारोळ्याचं नक्की येईल. काकूंनी ती वाचून दाखवावीत आणि नानांनी ऐकावीत, माझं एवढंच मागणं आहे. परवानगी विचारून मग पत्ता द्यायला हवा होता.

शेवटचं. सकाळी कपाट उघडलं, दुसरा गठ्ठा काढला. प्रत्येक कव्हरावरच्या ‘काढलेली’ या शब्दावर डिंकाने एक चिठ्ठी लावली, ‘जुन्या आज्ञा या आवृत्तीत चालू आहेत.’ त्रेचाळीस पुडकी बांधून स्टँडवर नेली आणि कंडक्टरच्या ताब्यात दिली. अकराच्या धुळे गाडीने ती शिबिराच्या पत्त्यावर गेली. परत येऊन जावक वहीत लिहिलं, ‘सातही आज्ञा परत घातल्या, माझ्या जबाबदारीवर’, खाली पूर्ण नावाने सही केली, आणि ती वही खाली दुकानात भाऊंच्या ताग्यांवर उघडी ठेवून घरी आले.